चौथ्या गाण्यातली शिट्टी

११ जानेवारी

भुंगे,

निघाला एकदाचा. काल सकाळी ‘पुन्हा चालू’ लोकांच्या कानावर पडला आणि दुपारच्या चहापर्यंत चाहत्यांमध्ये दोन तट पडले. तुझ्याकडे नेट नाही आणि फोन तू घेत नाहीस, म्हणून मी ठरवलंय की लोक जे जे म्हणतील ते तुला लिहून कळवायचं. तू मागितलेलं नाहीस, माहीत आहे. तरी वाच. अल्बम दोघींचा आहे, शिव्याही दोघींनी वाटून खायच्या.

आधी बरं सांगते. एक दातांचा डॉक्टर लिहितो, ‘दाढ काढताना हेच लावतो. पेशंट खुर्चीचा हात आवळायचं सोडून त्यावर ठेका धरतात.’ एक बसचालक बाई रिकामी गाडी डेपोत नेताना मोठ्यांदा लावते. ‘खालचा मजला’ सुरू झालं की गाडीच्या सगळ्या काचा साथ करतात म्हणे. एकाचं लग्न मोडलंय आणि वाटणीत आपले जुने अल्बम बायकोकडे गेलेत. तो लिहितो, ‘हा तरी माझा. तिला सांगू नका निघालाय म्हणून.’ त्याच्याखाली तासाभरात बायकोचं उत्तर: ‘कळलंय मला.’

आता वाईट. ‘बारा वर्षं वाट पाहिली ती ह्यासाठी? माझा फ्रिज याहून बरा वाजतो.’ त्याला कोणीतरी सुनावलं, ‘मग फ्रिजचा अल्बम काढा, आम्ही घेऊ.’ आणि एक असं: ‘धाकटीच्या हातात अजून जादू आहे, पण थोरलीचा आवाज बसलाय.’ हे मी दोनदा वाचलं. खोटं काय आहे त्यात? पन्नाशी उलटली, वरचे सूर गेले. स्टुडिओत मी दिवसभर कार्टूनमधल्या खारीचा आवाज काढते, त्यात उरलेसुरलेही जातात. तुला ते जाणवलं असणार, पण तू अवाक्षर काढलं नाहीस.

तुझी भाची हे सगळं मला वाचून दाखवते. वाईट आलं की मध्येच थांबते आणि ‘पुढचं काही खास नाही’ म्हणते. तू गेलीस तेव्हा फ्रॉक घालून तुझ्या वाजवायच्या यंत्रांच्या वायरी मोजत बसायची ती. आता मला चष्मा कुठे ठेवलाय ते सांगते.

आईला कानाचं मशीन लावून पूर्ण अल्बम ऐकवला. डोळे मिटून ऐकला तिने. संपल्यावर म्हणाली, ‘वेळेवर जेवते का गं ती?’ ही तिची प्रतिक्रिया.

आणि माझी? मी हेडफोन लावून गॅलरीत बसले होते. माझा आवाज आणि तुझी यंत्रं एकमेकांशी इतकं गोड बोलत होते, आणि आपण दोघी मात्र गेल्या वर्षभरात एका खोलीत बसलो नाही. तू पार्सल पाठवायचीस, मी त्यावर गाऊन परत पाठवायची. पहिल्या पार्सलमधली चिठ्ठी अजून आरशात खोचून ठेवलीय: ‘गायचं असलं तर गा.’ एवढंच. गायले. आता एक फोन कर ना. दोन मिनिटं. मी काही विचारणार नाही.

ताई

२२ जानेवारी

भुंगे,

तुझं कार्ड मिळालं. ‘वाचलं. फोन नको. लिहीत जा.’ तुझी अक्षरं पूर्वी कशी एकमेकांच्या अंगावर रेलून बसायची. आता सुटी सुटी उभी असतात, रांगेत. असो. लिहीत जा म्हणालीस ना, लिहिते.

सध्या सगळे एकाच गोष्टीच्या मागे आहेत. चौथं गाणं, ‘जिना’. मी शेवटचं कडवं सोडते आणि तुझा तो खोल घुमणारा नाद एकटा उरतो, तिथे वरती एक बारीक शिट्टी आहे. डास कानाशी यावा तशी. दुसऱ्याच दिवशी एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, ‘हे मलाच ऐकू येतंय का?’ झालं! तेव्हापासून रोज नवा शोध. एक म्हणतो, ही बहिणींच्या भांडणाची खूण आहे. दुसरा म्हणतो, यात गुप्त निरोप आहे, त्याने म्हणे गाणं उलटं वाजवून पाहिलं आणि त्याला ‘दूध आण’ असं ऐकू आलं. बसचालक बाईंनी त्याला लिहिलं, ‘मग आणलंत का?’ एका आजोबांना शिट्टी ऐकूच येत नाही, आणि सगळे मिळून आपली थट्टा करताहेत असं त्यांचं ठाम मत आहे.

मी काय म्हणते, तुझं तुला माहीत. अल्बम निघायच्या आधी कंपनीचा माणूस मला म्हणालाही होता, ‘इथे काहीतरी राहून गेलंय का? साफ करून घेऊ?’ मी त्याला असा झापला! म्हटलं, ‘तिने केलंय म्हणजे विचार करून केलंय. हात लावायचा नाही.’ लहानपणी तू पंख्याचा आवाज ऐकून सांगायचीस, हा आता बिघडणार. आणि बिघडायचा. तुझ्या कानांवर शंका घेणारा हा कोण टिकोजीराव? परवा एका मुलाखतीतही विचारलं मला. मी मान ताठ करून सांगितलं, ‘मुद्दाम ठेवलीय.’ का ठेवलीय ते तू मला सांग, म्हणजे पुढच्या वेळी तोंडघशी पडायला नको.

आता कामाचं. ज्या सभागृहात आपला पहिला कार्यक्रम झाला होता, तिथला व्यवस्थापक घरी येऊन गेला. त्याला आपण दोघी हव्या आहेत, एकच कार्यक्रम, मे महिन्यात. मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगते. तो गेल्यावर किती वेळ मी तशीच उभी होते. उजवीकडे तू, टेबलावर वायरींचं जंगल, मध्ये तुझं वाकलेलं डोकं. मी गाता गाता वळले की तू वर बघायचीस. नेमकी. एकदाही चुकली नाहीस. त्यानंतर मी कितीदा उजवीकडे वळलेय भुंगे. बँकेच्या रांगेत, लिफ्टमध्ये, डबिंगच्या केबिनमध्ये. तिथे भिंत असते, नाहीतर कोणीतरी परका माणूस उगाच हसतो.

हो म्हण.

ताई

५ फेब्रुवारी

भुंगे,

‘स्टेज नाही. विचारू नकोस. शिट्टी कसली?’

इतकंच? कार्डाच्या मागची बाजूसुद्धा बघितली मी. मी चार पानं लिहायची आणि तू तीन वाक्यं! बरं, शिट्टी कसली म्हणजे काय? माझी मस्करी करतेस का?

राग आलाय मला, लपवत नाही. तुझे भाऊजी म्हणाले, ‘राग उतरल्यावर लिही.’ त्यांचं ऐकलं असतं तर बारा वर्षांत तुला एकही पत्र लिहून झालं नसतं.

शेवटच्या कार्यक्रमाचं मी कधी काढलं नाही, आज काढते. तिसऱ्या गाण्यात तुझा ठेका एकीकडे, माझं गाणं दुसरीकडे. मी हाताने खूण केली, मानेने केली, शेवटी माइक सोडून ‘अगं, थांब’ म्हणून ओरडले. तू खाली बघून वाजवत राहिलीस. मग एकदम सगळं बंद केलंस आणि निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत चिठ्ठी, ‘माझ्याच्याने आता होणार नाही.’ मला वाटलं, होणार नाही म्हणजे माझ्यासोबत होणार नाही. लोकांच्या पुढे पुढे मी असायची, मुलाखती मी द्यायची, फुलं मला मिळायची. कंटाळली असेल माझ्या सावलीत, असं मी स्वतःला समजावलं. मग अकरा वर्षं काही नाही. आणि अचानक पार्सल. मला वाटलं, माफ केलंस. आता वाटतं, माफ बिफ काही नाही, फक्त काम आहे.

आज एका बाईंची प्रतिक्रिया आली, ती तेवढी लिहिते आणि थांबते. ‘माझे पती तुमचे चाहते होते. वाट बघता बघता मागच्या वर्षी गेले. त्यांच्या वाट्याचं मी ऐकून टाकावं म्हणून लावलं. मला यातलं काही कळत नाही. पण तिसऱ्या गाण्यात मी नळ बंद केला आणि पूर्ण होईपर्यंत ओल्या हातांनी उभी राहिले. तुम्ही दोघी एकमेकींना जपा.’

मी त्यांना काय उत्तर देऊ, तूच सांग.

ताई

१९ फेब्रुवारी

भुंगे,

हे पत्र बसून, शांतपणे वाच.

तुझं कार्ड मी रागारागात जेवणाच्या टेबलावर टाकलं होतं. आईने ते उचललं. मग म्हणाली, ‘तू तिला फोनचं किती वेळा विचारलंस?’ म्हटलं, कितीदा तरी. ‘आणि ती दर वेळी नाही म्हणते?’ हो. ‘आणि ही शिट्टी, जी सगळ्यांना ऐकू येते, ती हिला माहीत नाही?’

मी म्हटलं, ‘आई, ती चिडवतेय मला.’

आई म्हणाली, ‘तुझ्या मावशीला वाटायचं मी शिष्ट आहे. फोन आला की मी तुम्हाला पुढे करायची, आठवतं? समोरचं माणूस दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, आणि आपण नुसतं हो हो करत राहायचं. चाळिशीसुद्धा आली नव्हती गं माझी.’ आणि तिने डोळ्यांना पदर लावला. ‘माझंच घेतलं तिने. सोडून सोडून हे घेतलं.’

मी अजूनही वाद घालत होते. ज्या मुलीने असा अल्बम केला, तिला ऐकू येत नाही? शेवटी तुझ्या भाचीने सगळी गाणी पुन्हा लावली आणि म्हणाली, ‘आई, मावशीने यावेळी सगळं खालचं वापरलंय. घुमणारं, जाडं. वरचं काहीच नाही. फक्त ती शिट्टी.’ जे तुला ऐकू येतं तेवढ्यातून तू तो अल्बम उभा केलास. आणि जे येत नाही ते तसंच आत राहून गेलं.

तरी मला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मंगळवारी खारीला सुट्टी दिली आणि तुझ्या गावाला आले.

हो. येऊन गेले. तुझं पंपाच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान सापडायला वेळ लागला नाही, पत्ता विचारला तर चहावाला म्हणाला, ‘त्या गप्प बाई ना?’ गप्प! तुला! जिला झोपेत बडबडते म्हणून आम्ही वेगळ्या खोलीत टाकायचो!

मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. तू स्टुलावर बसून मोटारीत तांब्याची तार भरत होतीस. केस पांढरे झालेत गं तुझे, कानांपाशी. मग तू ती मोटार चालू केलीस, तळहात तिच्यावर ठेवलास, डोळे मिटलेस, आणि नकारार्थी मान हलवून पुन्हा खोलायला घेतलीस. मी रस्ता ओलांडला. तू पाठमोरी होतीस. मी हाक मारली, ‘भुंगे.’ मग मोठ्यांदा मारली. शेजारचा शिंपी बाहेर आला, रस्त्यावरची दोन माणसं वळली. तू वळली नाहीस. तारेचं टोक तोंडात धरून तुझं काम चालू होतं.

एक हात पुढे केला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता. केला नाही. तू इतकी वर्षं जे झाकून ठेवलंस ते मी मागून येऊन, दचकवून उघडं करायचं, हे मला बरं वाटलं नाही. शिंप्याला खूण केली, काही नाही म्हणून, आणि परत फिरले. बसमध्ये रडले. खिडकीची जागा मिळाली होती, सोयीचं झालं.

स्टेजवर तू माझ्या तोंडाकडे बघायचीस, ते शब्द वाचायला का? लोक म्हणायचे, काय माया आहे बहिणींमध्ये. मी परवापासून दोन्ही शक्यता तपासून पाहतेय आणि मला दोन्ही चालतात.

रविवारी पुन्हा येतेय, सकाळच्या बसने. या वेळी समोरून येईन, तुला दिसेन अशी. नकोशी असले तर शटर ओढून घे. मी समजेन आणि तरी पुढच्या रविवारी येईन.

ताई

२८ फेब्रुवारी

भुंगे,

पोचले. सुखरूप. घसा बसलाय, खारीचं काम निर्मात्याने पुढे ढकललंय आणि ‘काय करून आलात?’ असं विचारलंय. म्हटलं, भांडून आले.

घरात सगळ्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं, दोनदा. शटर वर होतं, इथपासून. तू दारातच उभी होतीस, हात पुसत, जणू मी रोजच येते. आणि पहिलं वाक्य काय, तर ‘कंपनीच्या माणसाला झापायचं काय कारण होतं तुला?’ ना कशी आहेस, ना ये बस. मी इतकी तयारी करून आले होते, पाठ करून आले होते काय काय हळुवार बोलायचं ते. सगळं राहिलं.

आई मध्येच म्हणाली, ‘ओरडली का ती? मोठ्यांदा?’ म्हटलं, आई, शिंप्याने शिवण थांबवली. तुला तुझा आवाज पोचत नाही आणि मी तुला पोचावं म्हणून घसा फोडून ओरडत होते. सगळी गल्ली गोळा झाली. मी म्हणत होते शिट्टी राहू दे, लोकांना आवडलीय, त्यांनी तिच्यावर जीव टाकलाय, आता ती त्यांची आहे. आणि तू हातातला पाना टेबलावर आपटून म्हणालीस, ‘माझी चूक आहे ती! माझी! तू तिला फुलं वाहू नकोस. मला कीव नकोय, मला ते गाणं नीट करायचंय!’

हे मी घरी सांगितलं तेव्हा तुझे भाऊजी हळूच म्हणाले, ‘बरोबर आहे तिचं.’ आहेच. मीच हरले. तुझ्यासमोर कबूल केलं नाही, इथे करते.

पण मग भांडण ओसरल्यावर तू जे बोललीस ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तू स्टूल माझ्यासमोर ओढलंस, गुडघ्याला गुडघा लावून बसलीस आणि माझ्या ओठांकडे बघत म्हणालीस, ‘तुझा आवाज खाली आलाय ना, लोक नावं ठेवतात. मला पूर्वी तू अर्धीच ऐकू यायचीस. आता जास्त येतेस. म्हणून पार्सल पाठवलं.’

तुला ते कुठे कळलं, मी विचारलं. तर म्हणे चहावाल्याच्या टीव्हीवर खार लागली होती, आणि कार्टूनच्या शेवटी श्रेयनामावलीत माझं नाव, आणि मग कुठल्याशा जाहिरातीत माझा साधा आवाज. तू चहाचा ग्लास खाली ठेवून उभी राहिलीस म्हणे. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा तुला कळले, तेही साबणाच्या जाहिरातीत! हसावं की रडावं!

तर ठरल्याप्रमाणे कंपनीला कळवलंय की ‘जिना’ आपण नव्याने करतोय. सभागृहाच्या माणसालाही ‘जमणार नाही’ म्हणून कळवलं. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं, थोडं नाही, खूप. ती उजवी बाजू आता रिकामीच राहणार, हे मान्य करायला मला वेळ लागेल. तू म्हणालीस, ‘स्टेजवर मी घाबरून मेले असते ताई, दर कार्यक्रमात थोडी थोडी मरत होते.’ मग नको. तुझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्यासाठी एक खुर्ची ठेव, पुरे. वरच्या आवाजांचे कान माझे आणि तुझ्या भाचीचे, खालचे तुझे.

चाहत्यांना बातमी गेलीय की शिट्टी जाणार. उठलेत सगळे. ‘शिट्टी वाचवा’ म्हणून मोहीम निघालीय, तिच्यात ते आजोबाही आहेत, ज्यांना ती कधी ऐकूच आली नाही. कारण कोणी विचारलं तर काय सांगू, असं मी तुला पुसलं होतं. तू म्हणालीस, ‘खरं सांग.’ मी अजून सांगितलेलं नाही. आपण दोघी मिळून लिहू, तुझ्या शब्दांत, तुझ्या त्या सुट्या सुट्या अक्षरांत.

निघताना तू मला बसपर्यंत सोडायला आलीस. बस हलली तेव्हा काहीतरी आठवल्यासारखी धावत खिडकीशी आलीस आणि सबंध स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडलीस, ‘शनिवारी ये! आणि रविवारी लगेच जायचं नाही! मला अजून पाचव्या गाण्यावरून भांडायचंय!’ पुढच्या सीटवरचं बाळ जागं झालं.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘तुमच्या बहीण का? फारच मोठ्याने बोलतात.’

मी म्हटलं, ‘हो. बारा वर्षांचं राहिलंय.’

ताई